हीटर लावला तरी गार हवा? आधी बॉनेट उघडा

पुण्यात हीटर आठवतो तो पहाटे पारा १० अंशांखाली गेला की, नाहीतर पावसाळ्यात ताम्हिणी घाटात आतून काच धुरकटली की. पेट्रोल-डिझेल गाडीच्या हीटरला स्वतःची उष्णता नसते. इंजिनने तापवलेले कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे हीटर कोअरमधून फिरते आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. म्हणून डॅशबोर्ड खोलायला देण्याआधी बॉनेट उघडा.

हवाच येत नसेल तर फ्यूज आणि केबिन फिल्टर पाहा. ब्लोअर फक्त सगळ्यात वरच्या स्पीडवर चालत असेल तर बहुधा ब्लोअरचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर गेलाय.

हवा येते पण गार, अशा वेळी इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची टाकी बघा. गरम असताना झाकण अजिबात उघडू नका, उकळते कूलंट अंगावर उडते. पातळी ‘मिन’च्या खाली असेल तर गाडीच्या पुस्तिकेत दिलेलेच कूलंट वापरा; तयार मिसळलेले नसेल तर निम्मे डिस्टिल्ड पाणी घाला. बोअरचे किंवा टँकरचे पाणी नको, त्यातल्या क्षारांनी कोअरच्या बारीक नळ्या भरत जातात. आणि पातळी कमी झाली म्हणजे ते कुठेतरी गेले आहे: होजचे क्लिप, वॉटर पंप, रेडिएटरचे कोपरे इथे वाळलेला रंगीत थर दिसतो का पाहा.

आता खरी परीक्षा. १५ मिनिटे गाडी चालवून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन बंद करा. इंजिनातून केबिनच्या भिंतीत शिरणारे दोन रबरी पाइप शोधा आणि फॅनपासून हात लांब ठेवून त्यांना बोट लावून बघा, धरू नका. दोन्हींचा चटका बसला तर कूलंट फिरतेय. दोष गरम-गार करणाऱ्या फ्लॅपचा, त्याच्या केबलचा किंवा मोटरचा. नॉब फिरवताना डॅशबोर्डमागून टकटक आली तर बहुतेकदा मोटरचे दाते तुटलेले असतात. एक पाइप गरम, दुसरा गार असेल तर कोअर चोंदलाय किंवा हीटरचा व्हॉल्व्ह (काही गाड्यांत असतो) उघडत नाही. कोअर बागेच्या पाइपने, मंद धारेने, उलट्या दिशेने धुवा; तांबूस पाणी निवळेपर्यंत. सर्व्हिस स्टेशनच्या प्रेशरने नको, कोअर फुटतो.

दोन्ही पाइप कोमट असतील तर थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हवर, संशय घ्या. आपल्याकडे ‘गाडी तापते’ म्हटले की थर्मोस्टॅट काढूनच टाकणारे मेकॅनिक आजही भेटतात. मग इंजिन गार राहते, पेट्रोल जास्त जाते आणि हीटर मरतो. थंड इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच रेडिएटरचा वरचा पाइप कोमट होऊ लागला, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा नाहीच. काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात गरम करून पाहता येतो: त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास, बहुधा ८२ ते ८८ अंशांना, तो उघडायला हवा. पातेले पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका.

गाडी पळताना गरम आणि सिग्नलला गार हवा येते? पातळी कमी, सिस्टिममध्ये हवा किंवा कमजोर वॉटर पंप. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत किटच्या रिड्यूसरलाही (गॅसचा दाब कमी करणारा भाग) कूलंटची उष्णता लागते. हीटरच्या पाइपवर टी-जॉइंट मारला असेल तर तो आधी तपासा, हवा तिथेच अडकते. हवा काढायला सोसायटीच्या रॅम्पवर गाडीचे नाक वर करून हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. बंदिस्त बेसमेंटमध्ये करू नका, धूर जीवघेणा असतो. थंड इंजिनचे झाकण काढा, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर मंद ठेवून इंजिन सुरू करा. बुडबुडे येतील तसे कूलंट घाला. वरचा पाइप गरम झाला, बुडबुडे थांबले की झाकण लावा. बुडबुडे थांबतच नसतील, गळती न दिसता कूलंट घटत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांमधले सील) तपासून घ्या. तोवर गाडी पळवू नका.

काचेवर तेलकट वाफ, गोडसर वास आणि पायाखालचा गालिचा ओला असेल तर कोअर गळतोय, तो बदलावाच लागतो. सांडलेले कूलंट लगेच पुसा. त्यातले इथिलीन ग्लायकोल चवीला गोड आणि विषारी असते, सोसायटीतली कुत्री-मांजरे ते चाटतात.