पहिल्या घासापासून मागे मोजलेली तयारी

झेब्रा डॅनिओ या घरच्या टाकीत पाळायच्या छोट्या पट्टेरी माशाची पिल्लं दोन-तीन दिवसांत अंड्यातून बाहेर येतात आणि पाचव्या दिवसाच्या सुमारास पोहत अन्न शोधू लागतात. त्या दिवशी त्यांच्या तोंडात मावेल असं काही हाताशी नसेल, तर आधीची सगळी मेहनत वाया. म्हणून टाकीत पिल्लं वाढवायच्या तयारीची माझी यादी त्या पहिल्या घासापासून सुरू होते.

तो घास म्हणजे इन्फ्युसोरिया, पाण्यातले अगदी सूक्ष्म जीव. नर-मादी वेगळ्या टाकीत सोडायच्या आठवडाभर आधी झाडांच्या टाकीतलं पाणी बरणीत घ्या, कुजत आलेली दोन पानं टाका आणि उजेडात ठेवा. पाणी गढूळ होईल, वासही मारेल. ओतून देऊ नका. निवळायला लागलं की दिव्यासमोर धरा, बारीक ठिपके हलताना दिसतील. थोड्या वाढलेल्या पिल्लांसाठी आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंबीसारख्या जीवाची, अंडी आणून ठेवा. लिटरभर पाण्यात 25 ग्रॅम मीठ, हवेचा पंप आणि 26 ते 28 अंश तापमान असलं, की 24 ते 36 तासांत ती फुटतात.

डॅनिओ स्वतःचीच अंडी खातात, त्यामुळे त्या वेगळ्या टाकीत तळाला काचेच्या गोट्यांचा थर आणि जावा मॉस हे पाण्यातलं शेवाळ हवंच. हार्लेक्विन रासबोरा या दुसऱ्या छोट्या माशाला मात्र गोट्यांचा उपयोग नाही. ती क्रिप्टोकोरीनसारख्या पाणवनस्पतीच्या रुंद पानाच्या खालच्या बाजूला अंडी चिकटवते. फिल्टर स्पंजचाच घ्या, जोरात पाणी ओढणाऱ्या फिल्टरमध्ये पिल्लं ओढली जातात. तो काही आठवडे मोठ्या टाकीत चालवून मुरवून ठेवा, म्हणजे पाणी साफ ठेवणारे जिवाणू त्यात वसतील.

आता मोठी टाकी. डॅनिओ सुसाट पोहतात, तेव्हा उंचीपेक्षा लांबी बघा. 60 सेंटीमीटर तरी असावी. नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवा. जावा फर्न या पाणवनस्पतीचं खोड वाळूत गाडू नका, लाकडाला बांधा. क्रिप्टोकोरीनची पानं लावल्यावर विरघळली तरी उपटू नका, मुळं जिवंत असली की नवी फुटतात. दिवा सहा ते आठ तास, टायमरवर. मग चार ते सहा आठवडे थांबा. मी एकदा दहाव्या दिवशीच मासे सोडले आणि अर्धे गमावले, ते अजून मनाला लागून आहे. पाणी तपासायच्या टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट ही माशांना विषारी द्रव्यं दोन्ही शून्य दिसेपर्यंत टाकीत फक्त झाडं.

मासे अगदी शेवटी, एकाच जातीचे दहा. पाच जातींचे दोन-दोन घेतले तर थवा जमत नाही. ते बुजून कोपऱ्यात राहतात आणि अंडी घालायचं नाव घेत नाहीत.