फौजदारकीचं पहिलं वर्ष लिहिणाऱ्यांच्या टेबलाशेजारी काढा

नाशिकच्या पोलीस अकादमीतून उपनिरीक्षक म्हणून दीक्षान्त संचलन करून बाहेर पडलो तेव्हा खांद्यावरच्या दोन स्टारचं वजन मला सारखं जाणवत होतं. प्रत्यक्ष प्रशिक्षणासाठी मराठवाड्यातल्या एका तालुक्याचं ठाणं मिळालं. पहिल्याच सकाळी प्रभारी साहेबांनी सांगितलं, "महिनाभर ठाणे अंमलदाराच्या, म्हणजे ठाण्यात नोंदी घेणाऱ्या हवालदाराच्या, शेजारी खुर्ची टाकून बसा. काही करू नका. बघा आणि लिहा." मला वाईट वाटलं होतं. तपास शिकायला आले आणि कारकुनी करायची? आज नवीन प्रोबेशनर (परिविक्षेतले अधिकारी) भेटले की मी तेच सांगते, आणि अगदी मनापासून सांगते.

ठाण्याचा श्वास त्या एका टेबलावर चालतो. फिर्याद, एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद), हरवल्याची नोंद, ११२ चा कॉल, दवाखान्यातून आलेली एम.एल.सी. (पोलिसांना कळवायच्या जखमी रुग्णाची खबर), समन्स घेऊन आलेला शिपाई, "साहेब आहेत का" म्हणून आलेले पुढारी, हे सगळं आधी तिथे येतं. स्टेशन डायरीत वेळ टाकून नोंद कशी होते, कोणाला बसवून घेतात, कोणाला त्या भागाच्या बीट अंमलदाराकडे पाठवतात, रडणाऱ्या बाईला आधी पाणी देतात की आधी नाव विचारतात, हे अकादमीच्या वर्गात कळत नाही. माझ्या ठाण्यातले हवालदार निवृत्तीला आले होते. मी त्यांना काका म्हणायचे. हुद्द्याने मी वर असले तरी त्या वर्षभर ते माझे गुरुजी होते. कोणी मान खाली घालून शिकायला बसलं तर हे लोक हातचं राखत नाहीत. पण पहिल्याच आठवड्यात तुम्ही त्यांना हुकूम सोडायला लागलात, तर तुम्हाला फक्त "हो मॅडम" एवढंच ऐकू येईल.

काकांनी शिकवलेली एक गोष्ट मी जन्मभर विसरणार नाही. दुपारच्या वेळी एक म्हातारी आली. रात्रीतून गोठ्यातल्या दोन शेळ्या गेल्या होत्या. फिर्याद लिहायला मी बसले. अकादमीत घोटून घेतलेल्या भाषेत लिहिलं: सदर ठिकाणाहून माझ्या मालकीच्या दोन काळ्या रंगाच्या शेळ्या, अंदाजे किंमत अमुक, कोणीतरी अज्ञात चोरट्याने माझ्या संमतीशिवाय लबाडीच्या इराद्याने चोरून नेल्या. मग नियमाप्रमाणे वाचून दाखवलं. म्हातारी अंगठा उठवायला तयारच होईना. "आवं बाई, माज्या लालीचा कान चिरल्याला हाय, त्ये कुठं हाय ह्यात? अन् दुसरी डाव्या खुरानं अधू हाय, त्ये बी सांगितलं व्हतं की तुम्हास्नी."

सांगितलं होतं खरंच. मला ते पाल्हाळ वाटलं म्हणून मी गाळलं. काकांनी कागद बाजूला ठेवला आणि हळूच म्हणाले, "मॅडम, बाजारात काळ्या शेळ्या पन्नास असतात. बाई जे बोलली ते लिहा." दुसरी फिर्याद मी तिच्या शब्दांत लिहिली. पुढच्या आठवडी बाजारात बीट अंमलदाराने त्या चिरलेल्या कानावरून शेळी ओळखली.

म्हणून जबाब लिहिताना आधी ऐका, मग लिहा. सगळ्या साक्षीदारांचे जबाब एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसले, तर उलटतपासात बचावाचे वकील पहिला घाव तिथेच घालतात. आणि ध्यानात ठेवा, साक्षीदाराच्या पोलीस जबाबावर सही घ्यायची नसते, फिर्यादीवर मात्र घ्यावी लागते आणि तिची प्रत फिर्यादीला मोफत द्यावी लागते. हा फरक तोंडपाठ असूनही कामाच्या घाईत चुकलेले प्रोबेशनर मी पाहिलेत. महिला साक्षीदाराला ठाण्यात बोलवायचं नाही, जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा, हेही तसंच.

माझ्या प्रोबेशनमध्येच १ जुलै २०२४ उजाडला. भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम हे तीन नवे फौजदारी कायदे एका रात्रीत लागू झाले. पंचवीस-तीस वर्षं "३२३, ५०४, ५०६" (मारहाण, अपमान, धमकी) हे त्रिकूट तोंडात बसलेल्या हवालदारांना आता ११५(२), ३५२, ३५१(२) लिहायचं होतं. खुनाचं ३०२ जाऊन १०३ आलं, फसवणुकीचं ४२० जाऊन ३१८(४), विवाहितेच्या छळाचं ४९८-अ जाऊन ८५. मी एका पुठ्ठ्यावर जुनी-नवी कलमं मोठ्या अक्षरांत लिहून ठाणे अंमलदाराच्या टेबलामागे लावली. त्या दिवसापासून काका मला विचारायला लागले. तुम्हाला जे चांगलं येतं ते ठाण्याला द्या, शिकण्याचा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालला पाहिजे. मोबाईल, सीडीआर (फोन कॉलचा तपशील), सायबर फसवणूक, सीसीटीएनएस (पोलिसांची संगणक प्रणाली) यांत तरुण प्रोबेशनरचा हात सफाईने चालतो, ते शिकवताना आखडतं घेऊ नका. एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: घटना ३० जून २०२४ ची असेल आणि फिर्याद आज आली, तरी गुन्ह्याचं कलम भारतीय दंड विधानाचंच लागतं, तपासाची प्रक्रिया मात्र नवीन संहितेची. अशी जुनी प्रकरणं अजूनही येतात.

आता पंचनामा. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता सक्तीचं आहे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे. त्यासाठी ई-साक्ष्य ॲप आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी न्यायवैद्यक पथक बोलवण्याची तरतूद १७६(३) मध्ये आहे. त्यामुळे पूर्वीसारखं ठाण्यात बसून पंचनामा रंगवणं चालत नाही, आणि ते फार चांगलं झालं. पण व्हिडिओ आहे म्हणून लिखाण सैल झालेलं मला खपत नाही. टेप घ्या, मोजा. "रस्त्याच्या कडेला" असं लिहू नका. कुठल्या रस्त्याच्या, कोणत्या दिशेच्या कडेला, कशापासून किती फुटांवर, ते लिहा. मोजताना अशी खूण धरा जी उद्या हलणार नाही: विजेचा खांब, मारुतीच्या देवळाचा कोपरा, पूल. उभी मोटारसायकल किंवा चहाची टपरी धरू नका.

माझी स्वतःची चूक सांगते. एका मारहाणीच्या गुन्ह्यात आरोपीचा मोबाईल जप्त केला. पंचनाम्यात कंपनी, रंग, काचेला तडा, सगळं लिहिलं. आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहिला नाही, आणि पाकिटाच्या लेबलवर एकाच पंचाची सही घेतली. जप्त वस्तू सांभाळणाऱ्या मुद्देमाल कारकून ताईंनी ते पाकीट हातातसुद्धा घेतलं नाही. "मॅडम, हे मी रजिस्टरला घेणार नाही. उद्या कोर्टात हाच मोबाईल होता कशावरून, असं विचारलं तर मी काय सांगू?" रात्रीचे साडेदहा वाजले होते, मी दमले होते, चिडलेही होते. पण त्या बरोबर होत्या. सकाळी दोन्ही पंचांना बोलावून, खरी तारीख आणि वेळ टाकून, जोड (पुरवणी) पंचनामा केला. मागच्या तारखेने दुरुस्ती करण्याचा मोह होतो, कोणी तसा सल्लाही देतं. तो कधीच ऐकू नका. झालेली चूक दुसऱ्या दिवशीच्या खऱ्या वेळेने सुधारली तर ती चूकच राहते. मागची तारीख टाकली की तो खोटा दस्तऐवज होतो. आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याला साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र हॅश व्हॅल्यूसह (फाईल बदलली की बदलणारा तिचा आकडी ठसा) लागतं. पेन ड्राइव्ह आणून देणाऱ्या दुकानदाराकडून ते त्याच दिवशी घ्या. सहा महिन्यांनी तो दुकान विकून गेलेला असतो.

पहिला मृतदेह सगळ्यांनाच जड जातो. माझा विहिरीतला होता. वास, गर्दी, आईचा आक्रोश, आणि त्यात इन्क्वेस्ट (मरणोत्तर) पंचनाम्यासाठी अंगावरच्या खुणा शांतपणे पाहून लिहायच्या. मला काकांनी काम दिलं: "फक्त हात बघा. नखं बघा. मग वर जा." एका वेळी एका अवयवाकडे बघत गेलं की मन ठिकाणावर राहतं. विवाहित स्त्री असेल तर लग्नाला किती वर्षं झाली हे सगळ्यात आधी विचारा. सात वर्षांच्या आत असेल तर इन्क्वेस्ट कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा, म्हणजे तहसीलदारांना लगेच कळवायचं. त्या रात्री जेवण जात नाही. त्याची लाज वाटू देऊ नका, कोणाशी तरी बोला.

आता ज्या विषयावर कोणी नव्या मुलांशी उघड बोलत नाही, त्याबद्दल. प्रोबेशनमध्ये कधी ना कधी तुमच्यासमोर कोणीतरी हात उचलेल, आणि "शिकून घ्या" म्हणेल. ते शिकायचं नाही. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही, हे साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ आजही सांगतं. मारून फार तर एखादी वस्तू निघेल, आणि तीसुद्धा तपासाचा पाया भुसभुशीत करून जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून अटकेचा मेमो, नातेवाईकाला खबर, वैद्यकीय तपासणी, हे सगळं बंधनकारक आहे. अटकेची कारणं त्या माणसाला समजेल अशा भाषेत लेखी द्या. अटकेची वेळ खरी लिहा, कारण चोवीस तासांचं घड्याळ तिथून सुरू होतं. तुम्ही नवीन आहात, वरिष्ठांना अडवण्याची ताकद तुमच्यात नसेल. पण खोलीबाहेर जाता येतं, न पाहिलेल्या गोष्टीवर सही करायला नकार देता येतो, आणि तुमच्या स्वतःच्या गुन्ह्याच्या कागदांत खोटं येऊ न देणं तर पूर्णपणे तुमच्याच हातात आहे. मी एकदा बाहेर गेले होते. काही दिवस माझ्याशी कोणी नीट बोललं नाही. नंतर सगळं सुरळीत झालं.

आठवड्यातून एक दिवस मागून घ्या आणि कोर्टात जा. ठाण्याचे खटले कोर्टात सांभाळणाऱ्या पैरवी हवालदारासोबत मागच्या बाकावर बसा. तुमच्याच ठाण्याचे जुने गुन्हे चालत असतात. पंच फितूर होताना पाहिला की पंच कसा निवडावा ते कळतं. दरवेळी ठाण्याबाहेरच्या चहावाल्यालाच पंच केलं, तर वकील त्याला मागचे सगळे पंचनामे मोजून दाखवतात. सहायक सरकारी अभियोक्त्यांना दोषारोपपत्र दाखल करण्याआधी कागद दाखवा. माझ्या पहिल्या दोषारोपपत्रावर त्यांनी लाल पेनाने चौदा त्रुटी काढल्या होत्या, ती यादी मी अजून जपून ठेवली आहे.

बंदोबस्ताचं थोडक्यात सांगते, ते अंगावर पडलं की आपोआप येतं. गणपतीत सोळा-सोळा तास उभं राहावं लागतं. पाण्याची बाटली, गूळ-शेंगदाणे, टॉर्च, पॉवर बँक, रेनकोट. मुलींनी पॅड सोबत ठेवावेत आणि पॉइंटवर पोचल्याबरोबर जवळचं वापरण्यासारखं स्वच्छतागृह कुठे आहे ते पाहून ठेवावं. हे मागताना संकोच नको, तुमच्या हाताखालच्या महिला अंमलदारांसाठीही मागा.

गावागावांतल्या पोलीस पाटलांचे नंबर पहिल्या महिन्यात घ्या आणि काम नसताना फोन करा. रात्री दोन वाजता दोन गट समोरासमोर आले की त्या ओळखीचा उपयोग होतो.

बदलीची ऑर्डर मात्र अचानक येते. माझी संध्याकाळी पाचला आली आणि दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं होतं. माझ्याकडे नऊ आकस्मिक मृत्यूची प्रकरणं आणि चार गुन्हे प्रलंबित होते. काकांनी मला घरी जाऊ दिलं नाही. एकेका फाईलची पानं मोजून, केस डायरी शेवटच्या तारखेपर्यंत पूर्ण करून, व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) पाठवल्याच्या पोचपावत्या वर टाचून, दोन प्रतींत यादी केली. कारकून ताईंनी मुद्देमाल रजिस्टर उघडून माझ्या प्रत्येक पार्सलच्या नोंदीवर बोट ठेवलं आणि मला सही करायला लावली. रात्री पावणेदोनला यादीची एक प्रत माझ्या हातात दिली. ती प्रत घेतल्याशिवाय ठाणं सोडू नका.