अ‍ॅल्युमिनियमचे आटे: जड लागलं की हात थांबवा

टर्नरची आयटीआय करून सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागलो, तेव्हा आटे पाडता आले की सगळं आलं, अशी माझी समजूत होती. मे महिना, डोक्यावर पत्रा, शेजारच्या शेडमध्ये यंत्रमागांचा खडखडाट. काम होतं अ‍ॅल्युमिनियमची बॉडी आणि तिचं टोपण. एम ४०, पिच १.५, म्हणजे व्यास ४० मिलिमीटर आणि दोन आट्यांतलं अंतर १.५ मिलिमीटर. दोन्ही ६०८२ या मिश्रधातूच्या एकाच रॉडमधून काढलेले. गेज बरोबर बसलं, म्हणून टोपण कोरडंच फिरवायला घेतलं. तीन फेरे सहज गेले, चौथ्याला जड लागलं. कचरा असेल, जाईल पुढे, म्हणून चेन पाना लावला. कर्रर्र! मग टोपण ना पुढे ना मागे.

मिस्त्री लांबूनच ओरडले, "थांब बे! आता जोर लावशील तेवढं चिकटंल."

शेवटी टोपण लेथवर कापून काढलं. आत बघितलं तर दोन आट्यांच्या कडा फाटून त्यांचा गोळा झालेला, आणि तो गोळा बॉडीच्या आट्याला जोडला गेलेला. वेल्डिंग केल्यासारखा, पण आगीविना.

झालं होतं ते असं. अ‍ॅल्युमिनियमवर हवेनेच ऑक्साइडचा थर येतो. कडक, पण जेमतेम काही नॅनोमीटर जाड. खालचा धातू मऊ. आटे एकमेकांवर दाबून घासले की थर फुटतो, उघडा धातू उघड्या धातूला भिडतो आणि चिकटतो. सुटलेला तुकडा पुढचे आटे ओरबाडतो. एकाच जातीचे दोन भाग असले की हे लवकर होतं. स्टेनलेसच्या नटबोल्टलाही हाच रोग आहे, त्यामुळे तिथेही बेफिकीर राहू नका.

माझी पद्धत आता ठरलेली आहे. पहिल्या आट्याची बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कड, काढायची, रॉकेलने धुवायचं, हवा मारायची. लोखंडी ब्रश वापरायचा नाही, त्याचे कण आट्यात रुततात. मग आटे चिकटू नयेत म्हणून अँटी-सीझ पेस्ट, आम्ही मॉलीवाली (मॉलिब्डेनम डायसल्फाइडची) वापरतो. भाग बाहेर पाण्यापावसात राहणार असेल तर तांब्याची पेस्ट टाळा. ओल आली की तांब्यामुळे अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. टोपण आधी उलटं फिरवायचं. आटा आट्यात उतरला की बोटांना 'टक्' लागतं, तिथून सुलटं, हाताने, सावकाश. इम्पॅक्ट गन तर लांबच ठेवा. जड लागलं की मागे घ्या, पुसा, बघा.

पेस्ट लावल्यावर टॉर्क, म्हणजे आवळताना लावायचा पिळाचा जोर, कमी करायचा, हे नवीन पोरं हमखास विसरतात. घर्षण कमी झाल्याने तेवढ्याच टॉर्कला ताण जास्त येतो आणि मऊ आटे उपटून येतात. तक्त्यातला आकडा कोरड्या आट्यांचा आहे का, ते आधी बघा.

वारंवार उघडायचं काम असेल तर एका भागाला हार्ड अ‍ॅनोडायझिंग करून घ्यावं, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने कडक ऑक्साइडचा जाड थर चढवून घ्यावा. इथे मी एकदा लॉट फुकट घालवलाय. ५० मायक्रॉनचा थर दिला तर साधारण निम्मा आत जातो, निम्मा बाहेर वाढतो. म्हणजे प्रत्येक बाजूला २५. पण ६० अंशाच्या बाहेरच्या आट्यात पिच डायमीटर (आट्याच्या उंचीच्या साधारण मध्यावरचा व्यास) त्याच्या चौपट वाढतो: १०० मायक्रॉन, म्हणजे ०.१ मिलिमीटर. आटे पाडतानाच तेवढी जागा सोडावी लागते. मी सोडली नव्हती. बॉडीत स्टीलचा बोल्ट सारखा काढघाल होणार असेल तर हेलिकॉइल, म्हणजे भोकात आट्यांसारखी बसणारी स्टेनलेस तारेची गुंडाळी, बसवणं मला जास्त पटतं.

अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीत स्टीलचा बोल्ट गंजून अडकला असेल तर झिरपणारं तेल सोडा, बॉडी हलकी गरम करा. तेल आधी सोडलं असेल तर पुसून घ्या, नाहीतर भडका उडेल. अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून पकड ढिली होते. आटे चिकटून गोळा झाला असेल तर मात्र गरम करून उपयोग नाही, कापा.

आणि मॉलीचा काळा डाग नखांत बसतो. जेवणाचा डबा उघडायच्या आधी हात नीट धुवा. मी पहिल्या आठवड्यात कडक भाकरीवर पाची बोटं उमटवली होती.