माइकला शिव्या द्यायच्या आधी: घरी गाणं रेकॉर्ड करताना या चुका टाळा

माझा पहिला कंडेन्सर माइक मी दोन आठवडे उलटा लावून गात होतो. म्हणजे माइकची पाठ माझ्याकडे आणि तोंड भिंतीकडे. आवाज लांबून, मोरीतून आल्यासारखा यायचा आणि मी ऑनलाइन त्याच्याहून महागडे माइक बघत बसायचो. मग एकदा बायको म्हणाली, अहो त्यावर ते बदामासारखं चिन्ह आहे ते कुठल्या बाजूला हवं? तर ते तुमच्याकडे हवं :) बरेचसे कंडेन्सर माइक वरून नाही, बाजूने ऐकतात.

तेव्हापासून माझा एकच हट्ट आहे. आवाज खराब आला तर माइक सगळ्यात शेवटी बदलायचा.

पहिला संशय खोलीवर घ्या. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका हो, पातळ पुठ्ठा तो, रस्त्यावरचा हॉर्न त्याने अडत नाही आणि घुमणारा खर्जही शोषला जात नाही, वर आग पटकन पकडतो ते वेगळंच. त्यापेक्षा आजीची जाड गोधडी घ्या. पण लावायची कुठे इथे सगळे गंडतात, मीपण गंडलो, मी माइकच्या मागे टांगली होती. बदामी पॅटर्नचा माइक मागून कमीच ऐकतो, तो ऐकतो समोरून, म्हणजे तुमचा गळा आणि तुमच्या पाठीमागची भिंत. म्हणून गोधडी तुमच्या पाठीमागे हवी. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवून त्याच्याकडे पाठ करून गायलात तरी चालतं. खोलीच्या कोपऱ्यात मात्र बसू नका, तिथे खर्ज फुगतो.

आता पेटी. यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेलाय. घरातली जुनी पेटी आणि मोबाइलवरचा तानपुरा, दोन्ही काळी एकला, तरी काहीतरी खुपत राहायचं. ट्यूनर लावून बघितलं तर पेटीचा तो स्वर २७९ हर्ट्झला आणि ॲपचा २७७ला. एवढासा फरक, पण दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला दोन लाटा येतात आणि गळ्याला कळत नाही कुणाकडे जायचं, मग आपण म्हणतो आज सूर लागत नाहीये. पेटीचे सूर घरी घासायला जाऊ नका, ॲपचा तानपुरा पेटीला मिळवा. तबला मात्र दर वेळी मिळवायचाच, पावसाळ्यात पुडी ओलसर हवेने सैल पडते आणि तासाभरापूर्वी लावलेला सूर उतरलेला असतो. आणि पेटीला माइक भात्याच्या बाजूला नको, वरून दीडेक फुटावर ठेवा, नाहीतर सुरांपेक्षा भात्याचा श्वास आणि पट्ट्यांची खटखट जास्त.

गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, लावताना आपण काय करतो, "हॅलो चेक" म्हणतो, लेव्हल छान दिसते, आणि मग तार सप्तकात गेलो की लाल दिवा. फाटलेला आवाज नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट शिवला जात नाही. म्हणून गाण्यातली सगळ्यात चढी ओळ पूर्ण जोरात गाऊन गेन लावा, २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि वरचं टोक उणे १० डीबीच्या आसपास राहू द्या. कमी वाटलं तर नंतर वाढवता येतं. अभंगात भ, फ, प भरपूर, माइक थोडा तिरका ठेवला की ते फुफ्फाट कमी होतात.

ब्लूटूथ हेडफोन लावून गाऊ नका. बस. आवाज इतका उशिरा येतो की तुम्ही समेवर आणि कानात अजून तेरावी मात्रा चालू. वायरवाला हेडफोन घ्या, इंटरफेसवर (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्यावर) डायरेक्ट मॉनिटरिंगचं, म्हणजे आपला आवाज लॅपटॉपमधून न फिरवता थेट कानात देणारं, बटण असेल तर ते दाबा, नसेल तर सॉफ्टवेअरमधला बफर, म्हणजे आवाजाचे नमुने एका वेळी किती साठवायचे तो आकडा, १२८वर आणा. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुने घेताना, १२८ म्हणजे जेमतेम पावणेतीन मिलिसेकंद उशीर, १०२४ ठेवलंत तर एकवीसच्या वर. मित्राने पाठवलेला ट्रॅक ४८ किलोहर्ट्झचा आणि तुमचा ४४.१चा असेल आणि सॉफ्टवेअरने तो न बदलता तसाच वाजवला तर काळी एकचं गाणं पांढरी एकच्याही खाली उतरतं, लय पण मंदावते. मी एकदा त्यावर तबलजीशी भांडलोय.

रिव्हर्बचं, म्हणजे सॉफ्टवेअरने आवाजाला दिलेल्या घुमाऱ्याचं, जरा मनातलं सांगतो. कुमारजींची (कुमार गंधर्वांची) निर्गुणी भजनं ऐकून मला वाटायचं ती भरलेली शांतता रिव्हर्बमधून येते, म्हणून मी ओतायचो, आणि माझं गाणं देवळाच्या गाभाऱ्याऐवजी पार्किंगमध्ये चालल्यासारखं वाटायचं. नीट कान दिला तेव्हा लक्षात आलं की दोन ओळींच्या मध्ये तिथे जुळलेले तानपुरे बोलतायत. आणि १९०२मध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जानने रेकॉर्डिंग केलं तेव्हा तर माइकच नव्हता, एका भोंग्यात गायचं, तीनेक मिनिटांत सगळं बसवायचं, चुकलं तर नवीन तबकडी. आपण एका ओळीचे चाळीस टेक घेतो आणि मग तुकडे जोडतो, आणि गाण्यातला दम प्रत्येक सांध्याला तुटतो. आता मी तीनच टेक घेतो, सलग.

शेवटची कटकट म्हणजे घूं. आपली वीज ५० हर्ट्झची, अर्थिंग धड नसेल किंवा चार्जर खराब असेल तर ती थेट रेकॉर्डिंगमध्ये घुसते. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बऱ्याचदा तिथेच थांबते. फक्त चार्जर काढल्यावर बॅटरी किती टक्के आहे तेपण बघा आणि प्रत्येक टेकनंतर सेव्ह करा, कारण माझा आत्तापर्यंतचा सगळ्यात चांगला भैरवीचा टेक नऊ टक्क्यांवर सुरू झाला होता.