शेळ्यांसाठी रानझुडपांचा पाला: कोणत्या ऋतूत काय तोडावे

दिवाळीनंतर सड्यावरचे, म्हणजे कोकणातल्या जांभ्या दगडाच्या पठारावरचे, गवत बी टाकून पिवळे पडते आणि त्यातली प्रथिने भराभर कमी होतात. भाताच्या पेंढ्यात तर ती ३ ते ४ टक्क्यांच्या आसपासच असतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील जिवाणूंना मात्र आहारात किमान ७ ते ८ टक्के प्रथिने लागतात. त्याखाली पचन मंदावते आणि पोट भरलेले दिसत असूनही शेळी खंगत जाते. ही तूट करवंद, तोरण, बोर यांसारखी झुडपे भरून काढतात, कारण जांभ्याच्या भेगांतून मुळे खोल गेल्यामुळे गवत वाळल्यावरही त्यांचा पाला हिरवा राहतो. म्हणूनच गड्ग्यालगतची (दगडी कुंपणालगतची) झुडपे पावसाळ्यात ओरबाडून न संपवता पुढच्या कोरड्या महिन्यांसाठी राखावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पाला तोडताना महिन्यापेक्षा पानाकडे पाहावे. कोवळ्या पानात प्रथिने व स्फुरद (फॉस्फरस) अधिक आणि चोथा कमी असतो. पान जून होत जाते तसा चोथा व चुना (कॅल्शियम) वाढतो, स्फुरद घटते. पान दुमडून पाहावे: कोवळे पान नुसते वाकते, जून पान कडकन मोडते. दुसरी खूण कोयत्यावर मिळते. धायटीसारखा तुरट पाला साध्या लोखंडी कोयत्याने कापला की ओल्या पात्यावर निळसर काळा डाग उमटतो, कारण पानातील टॅनिन या तुरट द्रव्याची लोखंडाशी प्रक्रिया होते. हेच टॅनिन पोटात प्रथिनांना बांधून ठेवते, त्यामुळे असा पाला एकटा न घालता दोन-तीन प्रकारच्या पाल्यांत मिसळून थोडाच द्यावा.

आषाढ-श्रावणात पाला लुसलुशीत असला तरी त्यात पाणी फार असते. कोकण कन्याळ जातीची असो वा गावठी, २५ किलोच्या शेळीला दिवसाला पाणी वगळून मोजला तर साधारण ८०० ग्रॅम कोरडा चारा लागतो. त्यातला निम्मा पाल्यातून द्यायचा, तर ८० टक्के पाणी असलेला पाला २ किलो घालावा लागेल, आणि ६० टक्के पाण्याचा १ किलो पुरेल. पावसाळी पाला म्हणून काही तास सुकवावा, सोबत थोडा पेंढा द्यावा. नुसत्या ओल्या पाल्याने लेंड्या पातळ होतात.

सर्वांत मोलाचा काळ चैत्र-वैशाखाचा. गवत अगदी निकृष्ट असते त्याच वेळी अनेक झाडाझुडपांना पालवी फुटते. मुरुडशेंगेसारखी पानझडी झुडपे मात्र पावसाची वाट पाहतात. ही पालवी तांबूस असताना तोडू नये, कारण तोवर झुडूप मुळांतल्या साठ्यावर जगत असते. पाने पसरून हिरवी झाली की शेंड्यांकडचा सुमारे तिसरा हिस्सा घ्यावा आणि ते झुडूप पुन्हा भरेपर्यंत त्याला हात लावू नये. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, कवळ (डहाळ्या) तोडणाऱ्यांनीही चाऱ्याची झुडपे वगळावीत. या भाजावळीला ऐन-किंजळाच्या झाडांच्या फांद्या चालतात, करवंदीच्या जाळीची गरज नसते.

साठवणीसाठी पाऊस ओसरल्यावर, ऊन धरू लागले की पाला तोडावा. तो सावलीत, वाऱ्यावर वाळवावा. कडक उन्हात हिरवेपणा उडतो आणि त्याबरोबर ‘अ’ जीवनसत्त्व ज्यापासून बनते ते कॅरोटीनही जाते. पान हातात कुरकुरीत चुरले तरच पोत्यात भरावे, नाहीतर दमट हवेत बुरशी धरते, आणि बुरशीचा पाला गाभण शेळीला मुळीच घालू नये. वाळवलेल्या जून पाल्यात स्फुरद कमी असल्यामुळे त्याला भाताच्या बारीक कोंड्याची जोड द्यावी, कारण कोंड्यात ते भरपूर असते.

उन्हाळ्यात हिरवी दिसते म्हणून घाणेरी (टणटणी) मात्र कधीही तोडू नये. ती मूळची इथली नाही, आणि तिच्या पाल्याने यकृत बिघडून उन्हात कातडी सोलवटते. कण्हेरीची तर चार पानेही गोठ्यात येऊ देऊ नयेत. भारा सोडल्यावर तो एकदा हाताने पसरून पाहावा, कारण कुंपणालगत तोडलेल्या पाल्यात या फांद्या नकळत येतात.