बर्लिन, १९४५: शत्रूवर जीव जडलेल्यांची गोष्ट लिहायची तर

बेचिराख शहर, हरलेल्या देशाची मुलगी, जिंकलेल्या फौजेतला शिपाई. अशी कथा लिहायला घेताना बहुतेक जण आधी पात्रं ठरवतात. ते करू नका. आधी तारीख ठरवा, तीही महिन्यासकट. बर्लिनमध्ये मे १९४५ ते जून १९४८ या तीन वर्षांत कुणी कुणाशी बोलावं, कुणाच्या घरी जावं, कुणाशी लग्न करावं हे हुकमांवर चालत होतं आणि ते हुकूम सारखे बदलत होते. कथेतला अडथळा तुम्हाला रचावा लागत नाही, तो कॅलेंडरमध्ये तयार आहे.

कॅलेंडर

बर्लिनची लढाई २ मे १९४५ ला थांबली. तिथून जुलैच्या सुरुवातीपर्यंत शहर एकट्या सोव्हिएत फौजेच्या ताब्यात होतं. त्यामुळे मे-जूनच्या बर्लिनमध्ये अमेरिकन किंवा ब्रिटिश नायक फिरवता येत नाही. या काळातला नायक सोव्हिएतच हवा, आणि त्याच्याबरोबर येणारं सगळं ओझं पेलायची तयारी हवी.

जर्मनांशी मिसळायचं नाही, हा दोस्त फौजांचे सरसेनापती आयसेनहॉवर यांचा हुकूम सप्टेंबर १९४४ पासून होता. मोडला तर अमेरिकन शिपायाला ६५ डॉलर दंड, आणि साध्या शिपायाचा मूळ पगार महिन्याला ५० डॉलर. जून १९४५ मध्ये लहान मुलांशी बोलायची मुभा मिळाली. १४ जुलैला रस्त्यावर, बागेत मोठ्यांशी बोलायला परवानगी आली. १ ऑक्टोबरला बाकीची बंदीही उठली, दोन गोष्टी मात्र उरल्या: जर्मन कुटुंबात मुक्काम नाही आणि लग्न नाही. अमेरिकन फौजेने लग्नाची बंदी उठवली ती डिसेंबर १९४६ मध्ये.

इथे पुष्कळ कथा घसरतात. अमेरिकन तुकड्या बर्लिनमध्ये आल्या आणि दहा-बारा दिवसांत रस्त्यावर बोलायला मोकळीक मिळाली. चोरून बोललेले दोन शब्द आणि ६५ डॉलरची भीती हाच तुमचा गाभा असेल तर बर्लिन सोडा. ऑक्टोबर १९४४ मध्ये अमेरिकनांच्या हाती पडलेलं आखेन शहर घ्या, किंवा मार्च १९४५ मधलं कोलोन. बर्लिनच हवं असेल तर अडथळा बोलण्याचा नाही, लग्नाचा ठेवा. तो सव्वा वर्ष पुरतो, आणि मधे एक अख्खा हिवाळा जाऊन दुसरा सुरू होतो.

नायक सोव्हिएत अधिकारी असेल तर फेब्रुवारी १९४७ ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा. सोव्हिएत नागरिकाने परदेशी व्यक्तीशी लग्न करण्यावर तेव्हा कायद्यानेच बंदी आली. एकाच शहरात, एकाच हिवाळ्यात, अमेरिकनाला दार उघडलं आणि सोव्हिएताला बंद झालं. दोन बहिणींची कथा लिहायची असेल तर याहून चांगली चौकट मिळायची नाही.

घड्याळही तपासा. २४ मे ते २४ सप्टेंबर १९४५ बर्लिनची घड्याळं मॉस्कोच्या वेळेवर होती. जूनअखेरीस सूर्य रात्री साडेदहाच्या सुमारास मावळे. “रात्री नऊच्या अंधारात ती जिन्यावरून हळूच उतरली” हे वाक्य त्या उन्हाळ्यात लख्ख उजेडात घडतं, शेजारीण खिडकीत असताना.

पत्ता आणि खोली

शहराचे चार विभाग. त्सेलेनडॉर्फ, स्टेग्लिट्झ, श्योनेबर्ग, टेम्पलहोफ, क्रॉइझबर्ग, नॉयक्योल्न अमेरिकनांकडे. शार्लोटनबुर्ग, टियरगार्टन, विल्मर्सडॉर्फ, श्पांडाउ ब्रिटिशांकडे. वेडिंग आणि रायनिकेनडॉर्फ ऑगस्ट १९४५ पासून फ्रेंचांकडे. मिटे आणि पूर्वेकडचं सगळं सोव्हिएतांकडे. भिंत नव्हती, ती १९६१ ची. लोक रोज इकडून तिकडे जात-येत होते. नायिकेला एका विभागात राहू द्या आणि दुसऱ्यात कामाला जाऊ द्या, म्हणजे तिच्या चालण्यातूनच शहर दिसतं.

खोली लिहिताना खिडकीपासून सुरुवात करा. काच नाही, पुठ्ठा आणि फळ्या ठोकलेल्या. म्हणून दिवसाही आत अंधार, आणि वीज ठरावीक तासच. पाणी रस्त्यावरच्या हातपंपाचं, बादलीने वर न्यायचं. एक भिंत नसलेल्या इमारतीत जिना शाबूत असतो, आणि तिसऱ्या मजल्यावरची एक खोली नांदती असते. १९४५ च्या उन्हाळ्यात ढिगाऱ्याखाली प्रेतं होती. तो वास लिहायचा टाळलात तर तुमचं शहर चित्रपटाच्या सेटसारखं होतं.

कार्ड कितवं?

नायिकेचं वय आणि डोळ्यांचा रंग ठरवण्याआधी तिचं रेशनकार्ड ठरवा. मे १९४५ पासून पाच वर्ग होते. पहिल्या वर्गाला, म्हणजे जड कामवाल्यांना, रोज ६०० ग्रॅम पाव, १०० ग्रॅम मांस, ३० ग्रॅम चरबी. पाचव्या वर्गाला ३०० ग्रॅम पाव, २० ग्रॅम मांस, ७ ग्रॅम चरबी, ३० ग्रॅम धान्य-पीठ, १५ ग्रॅम साखर. या पाचव्या वर्गात गृहिणी, म्हातारे, बेकार आणि नाझी पक्षाचे जुने सदस्य. लोक या कार्डाला ‘स्मशानाचं कार्ड’ म्हणत. आकडे कागदावरचे आहेत, दुकानात माल असेलच असं नाही.

७ ग्रॅम चरबी म्हणजे आपल्या घरातला दीड चहाचा चमचा तूप, दिवसभरासाठी. हे एकदा वाटीत काढून बघा आणि मग जेवणाचा प्रसंग लिहा.

ढिगारे उपसायच्या कामावर गेली तर तिला दुसरा वर्ग, म्हणजे ५०० ग्रॅम पाव, आणि तासाला ७२ फेनिग (शंभर फेनिगांचा एक मार्क). सगळ्या बायका हे काम करत नव्हत्या, आणि बराचसा ढिगारा कंत्राटदारांनी, यंत्रांनी उचलला. पण तुमची नायिका करत असेल तर काम नीट दाखवा. जर्मन वीट २५ × १२ × ६.५ सेंटिमीटरची, वजन साडेतीन किलोच्या आसपास. हातोडीने तिच्यावरचा जुना चुना उडवायचा, सहाही बाजू साफ करायच्या, रचून ठेवायची. चुन्याची पूड बोटांच्या पेरांत बसते, कातडी कोरडी पडून चिरते आणि त्या चिरेत पुन्हा चुना जातो. तो पहिल्यांदा तिचा हात हातात घेईल तेव्हा त्याला खरखरीत, भेगाळलेला हात लागला पाहिजे. तिने तो झटकन मागे घेतला, तर तो लाजेने की दुखलं म्हणून, हे त्याला कळू देऊ नका.

भेटवस्तूचा भाव

काळ्या बाजारात पावाचा एक लोफ साधारण ८० मार्क, अमेरिकन सिगारेट नगाला पाच ते दहा मार्क. तासाला ७२ फेनिगने हिशेब करा: एका सिगारेटीसाठी निदान सात तास विटा, एका पावासाठी शंभरावर तास. सिगारेट ओढायची वस्तूच नव्हती, नाणं होतं. त्यामुळे त्याने सहज पुढे केलेलं वीस सिगारेटींचं पाकीट म्हणजे तिचा निदान तीन आठवड्यांचा पगार. त्याला हे ठाऊक नसेल तर तो भाबडा आहे, ठाऊक असूनही तो सहज देत असेल तर तो धोकादायक आहे. दोन्ही लिहिता येतं, पण कुठलं लिहिताय ते स्वतःला स्पष्ट हवं.

कच्चं लिखाण असं दिसतं: “त्याने तिला चॉकलेट दिलं. तिचे डोळे पाणावले.” त्याऐवजी: “तिने चॉकलेटची वडी नखाने चौदा तुकड्यांत मोडली, दोन तोंडात टाकले, बारा रुमालात बांधले. ‘आईला सांगू नका,’ ती म्हणाली, ‘की तुम्ही दिलंत.’” भूक, हिशेब आणि लाज एका कृतीत येते, आणि शेजारपाजारचं भयही.

तू की तुम्ही

मराठीत लिहिणाऱ्याला इथे इंग्रजी लेखकाला नसलेली सोय आहे. जर्मनमध्ये आपल्यासारखंच आहे: ‘झी’ म्हणजे तुम्ही, ‘डू’ म्हणजे तू. इंग्रजीत भेद नाही, म्हणून चार शब्द शिकलेला अमेरिकन शिपाई अनोळखी बाईला सरळ ‘डू’ म्हणून जातो. तिला तो जेत्याचा अरेरावीपणा वाटतो, त्याला पत्ताच नसतो. पहिल्या भेटीत त्याचं “तू” आणि तिचं “तुम्ही” ठेवा. मग तो तिला जर्मन शिकताना “तुम्ही” म्हणायला लागतो, आणि पुढे एके दिवशी ती त्याला “तू” म्हणते. पहिल्या चुंबनापेक्षा हे वाक्य महत्त्वाचं आहे, त्याची जागा आधी ठरवून ठेवा.

जपायचं एक. तिच्या तोंडी “अहो” घालू नका. मराठी कानाला त्यात नवरा ऐकू येतो. “ऐका” किंवा “सार्जंट” पुरे. आणि दोघांना पहिल्याच महिन्यात लांबलचक संवाद देऊ नका. तीस-चाळीस सामाईक शब्दांत काय काय बोलता येतं याची यादी करा आणि तेवढ्यावर चार प्रसंग रेटा.

जेवणाचं टेबल

शत्रू या शब्दाचा अर्थ इथे उघडतो, म्हणून या भागाला सगळ्यात जास्त वेळ द्या. ऑक्टोबर १९४१ पासून बर्लिनच्या ज्यूंना ग्रूनेवाल्डसारख्या स्थानकांतून गाड्यांत भरून पूर्वेकडे नेलं गेलं, आणि त्यांच्या मागे राहिलेलं सामान लिलावात विकलं गेलं. शेजाऱ्यांनी ते घेतलं. तिच्या घरात भरभक्कम शिसवी टेबल असेल तर ते कधी आणि कुठून आलं? तो ब्रिटिश असेल तर १५ एप्रिल १९४५ ला बेर्गन-बेल्सनच्या नाझी छळछावणीत शिरलेल्यांपैकी असू शकतो, अमेरिकन असेल तर २९ एप्रिलला डाखाऊच्या छावणीत. त्याने जे पाहिलं ते घेऊन तो त्या टेबलाशी बसतो आणि बोट फिरवून विचारतो, “हे कुणाचं?” हा प्रश्न कथेच्या मध्यावर आला पाहिजे. शेवटाला आला तर निव्वळ धक्का होतो.

नायिकेला अमेरिकन विभागात जबाबदारीची नोकरी हवी असेल तर १३१ प्रश्नांचा फॉर्म भरावा लागेल: कुठल्या संघटनेत होता, कधीपासून, कुठल्या पदावर. हा फॉर्म भरतानाचा एक प्रसंग पन्नास पानांच्या कबुलीजबाबाचं काम करतो. “दोन्हीकडच्यांनी सारखंच सोसलं” हे वाक्य मात्र कुठल्याही पात्राच्या तोंडून लेखकाचं मत म्हणून येऊ देऊ नका. ते खरं नाही.

नकार

१९४५ च्या वसंतात शहरातल्या बायकांवर प्रचंड प्रमाणात बलात्कार झाले, बहुतांश सोव्हिएत सैनिकांकडून. एकट्या बर्लिनसाठी एक लाखाच्या आसपासचे अंदाज दिले जातात. पाश्चात्त्य फौजाही यातून सुटलेल्या नाहीत. तुमच्या नायिकेवर हे गुदरलं असेल किंवा तिच्या जिन्यातल्या कुणावर. ते प्रेमाला धार यावी म्हणून वापरू नका.

एक कसोटी लावा. प्रसंगातून जेवण, कोळसा, सिगारेट काढून घ्या. ती तरीही थांबते का? मग एक पान असं लिहा की तिने “नाही” म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा त्याच्या वागण्यात काय बदललं. हे पान छापायचं नसलं तरी लिहाच. ते लिहिता येत नसेल तर तुमच्याकडे अजून प्रेमकथा नाही.

नेहमीच्या चुका

‘डॉइच मार्क’ हे नवं चलन आणि विमानांतून येणारी रसद दोन्ही जून १९४८ पासूनची, त्याआधी राइशमार्कच. टियरगार्टनमध्ये झाडाखाली भेट घडवताना तिथली दोन लाखांवर झाडं संपून सुमारे सातशेच उरली, हे ध्यानात ठेवा. बाकी जळणात गेली आणि मोकळ्या जागेत बटाटे, कोबी लावले होते. संगीत हवं असेल तर बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाची युद्धानंतरची पहिली मैफल २६ मे १९४५ ला स्टेग्लिट्झच्या टिटानिया-पालास्टमध्ये झाली, संचालक लिओ बोर्शार्ड यांच्या हाताखाली. त्याच बोर्शार्डांना ऑगस्टमध्ये अमेरिकन पहारेकऱ्याची गोळी लागली. ते ज्या गाडीत होते तिच्या ब्रिटिश चालकाला थांबण्याची खूण कळली नव्हती. रात्रीची नाकाबंदी लिहिताना ही घटना डोळ्यांपुढे ठेवा.

नायक कृष्णवर्णीय अमेरिकन असेल तर फौजेत अजून वर्णभेद आहे, आणि त्याच्या देशातल्या अनेक राज्यांत गोऱ्या बाईशी लग्न १९६७ पर्यंत बेकायदा आहे. लग्नाचा अर्ज वरिष्ठाच्या टेबलावरच अडतो.

मराठी नायक बर्लिनमध्ये ओढूनताणून आणू नका. त्याला खरी जागा दुसरीकडे आहे. १९४६-४७ मध्ये जपानवर ताबा ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ फौजेत ब्रिटिश-इंडियन डिव्हिजन होती, आणि तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण. मिसळण्यावरची बंदी तिथेही कडक होती. या डिव्हिजनचं मुख्यालय ओकायामाला, जून १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळालेल्या शहरात. पण ते लाकडी घरांचं शहर. तिथे विटांचे डोंगर नाहीत, राख आणि वाकलेले पत्रे आहेत. वरचं विटांचं सगळं तिथे पुसून नव्याने लिहावं लागेल.

राहिला निरोप. फौज शिपायाची बदली चोवीस तासांत करू शकते, तेव्हा स्टेशनवरच्या भेटीची वाट पाहू नका. बर्लिनमध्ये घर सोडणारा माणूस पडक्या दारावर किंवा भिंतीवर खडूने नवा पत्ता लिहून जाई: आम्ही जिवंत आहोत, अमुक ठिकाणी आहोत. तोच वापरा. फक्त तारखेप्रमाणे हवामान बघा, कारण तो परत येईपर्यंत पाऊस झाला असेल तर घराचा नंबर वाचता येणार नाही.