‘रन’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ कसा लावावा

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी माध्यमाच्या शाळांमध्ये ‘रन म्हणजे धावणे’ हे समीकरण लहानपणीच पाठ होते आणि ते चूकही नाही. अडचण येते ती नववी-दहावीच्या इंग्रजी उताऱ्यांत, कारण तेथे दुकान ‘रन’ होते, नदी ‘रन’ होते, करार ‘रन’ होतो आणि कपड्याचा रंगसुद्धा ‘रन’ होतो. ऑक्सफर्डच्या बृहद् इंग्रजी शब्दकोशाच्या नव्या आवृत्तीचे काम करताना संपादकांनी या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले, आणि त्यामुळे सर्वाधिक अर्थांचा मान, जो पूर्वी ‘सेट’ या शब्दाकडे होता, तो ‘रन’कडे आला. इतके अर्थ कोणी पाठ करत नाही आणि करूही नयेत. वाक्यात कर्ता कोण आहे, कर्म आहे की नाही, आणि क्रियापदाला लागून कोणता छोटा शब्द आला आहे, एवढे पाहिले की बहुतेक वेळा अर्थ लागतो.

प्रथम कर्त्याकडे पाहावे. कर्ता माणूस किंवा प्राणी असेल आणि पुढे कर्म नसेल, तर ‘धावणे’ हाच अर्थ धरावा. कर्ता यंत्र, दुकान, शाळा, बससेवा यांपैकी काही असेल, तर ‘धावणे’ सोडून ‘चालणे’ घ्यावे, कारण जेथे इंग्रजी धावते तेथे मराठी बहुधा चालते. सीमाभागातील मुलांना येथे आणखी एक आधार आहे. कन्नडातही दुकान चालवण्याला ‘नडेसु’ म्हणतात, म्हणजे ‘नडे’ या चालण्याच्याच धातूचे रूप वापरतात. मात्र गाडी चालवण्याला ‘ओडिसु’ म्हणतात, जे ‘ओडु’ म्हणजे धावणे यापासून आले आहे. दोन्ही भाषा कानावर असलेल्या मुलाला एकच क्रिया वेगवेगळ्या शब्दांनी सांगता येते हे आधीच ठाऊक असते, आणि शिक्षकांनी या जाणिवेचा उपयोग अवश्य करून घ्यावा.

त्यानंतर कर्म पाहावे, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ येथेच द्यावा. मराठीत ‘चालणे’ आणि ‘चालवणे’ ही रूपे वेगळी आहेत, परंतु इंग्रजीत दोन्हींसाठी ‘रन’च राहते. वडगावातील एखाद्या यंत्रमागाचे उदाहरण घेऊ. ‘द लूम रन्स ऑल डे’ म्हणजे माग दिवसभर चालतो. ‘ही रन्स टू लूम्स’ म्हणजे तो दोन माग चालवतो. ‘ही रॅन आउट ऑफ यार्न’ म्हणजे त्याच्याजवळचे सूत संपले. ‘द बॉर्डर रन्स द लेंग्थ ऑफ द सारी’ म्हणजे काठ साडीच्या लांबीभर जातो, आणि ‘द कलर रॅन’ म्हणजे धुताना रंग उतरला. एकाच मागाभोवतीच्या या पाच वाक्यांना मराठीत चार वेगळी क्रियापदे लागली. विद्यार्थ्याने आपल्या घरातल्या व्यवसायाची अशीच पाच वाक्ये वहीत लिहून काढावीत.

मात्र प्रत्येक ‘चालवणे’ म्हणजे ‘रन’ नव्हे. चालक बस चालवतो तेव्हा इंग्रजीत ‘ड्राइव्ह’ येते, सायकल चालवणाऱ्यासाठी ‘राइड’ येते. पण बससेवा चालवणाऱ्या परिवहन महामंडळासाठी ‘रन’च योग्य ठरते, कारण तेथे व्यवस्थापन अभिप्रेत असते. ‘चालेल’ असे म्हणून आपण होकार देतो, त्याचाही ‘रन’शी संबंध नाही.

पाणी, रस्ता आणि काळ यांच्या बाबतीत ‘रन’चा अर्थ पसरत किंवा पुढे जात राहणे असा होतो. मलप्रभा कणकुंबीला उगम पावून पूर्वेकडे वाहते, यासाठी ‘रन्स ईस्ट’ म्हणता येते. गोव्याचा रस्ता चोर्ला घाटातून जातो, तेथेही ‘रन्स थ्रू’ चालते. भाडेकरार तीन वर्षांचा असेल तर तो तीन वर्षांसाठी ‘रन’ होतो. ‘रनिंग अ टेम्परेचर’ म्हणजे अंगात ताप असणे, हा प्रयोग मात्र तसाच लक्षात ठेवावा लागतो.

‘रन’नंतर ‘लो’, ‘शॉर्ट’ किंवा ‘ड्राय’ असे विशेषण आले, तर त्या अवस्थेला पोहोचणे असा अर्थ होतो: विहीर ‘रन्स ड्राय’ म्हणजे आटते.

सर्वांत जास्त गोंधळ छोट्या शब्दांमुळे होतो. क्रिकेटमुळे ‘रन आउट’ म्हणजे धावबाद हे प्रत्येकाला माहीत असते, परंतु ‘द मिल्क रॅन आउट’ म्हणजे दूध संपले. येथे संपलेली वस्तू कर्ता आहे. कर्ता माणूस असेल, तर ‘ऑफ’ जोडावे लागते: ‘वी रॅन आउट ऑफ मिल्क’. हा ‘ऑफ’ गळला की वाक्याचा अर्थच बिघडतो. ‘रन इंटू’ म्हणजे वाहनाची धडक, ओळखीच्या माणसाची अचानक गाठ किंवा अडचणीत सापडणे. यांपैकी काय, ते पुढच्या नामावरून ठरवावे. ‘रन ओव्हर’ माणसाबाबत आले तर तो वाहनाखाली सापडला, आणि सभेबाबत आले तर ती ठरल्या वेळेपेक्षा लांबली.

रूपांकडेही लक्ष हवे. ‘रन, रॅन, रन’ असा क्रम असल्यामुळे ‘हॅज’ किंवा ‘हॅव’नंतर पुन्हा ‘रन’च येते. ‘शी हॅज रॅन द शॉप’ असे लिहिलेले आढळते, ते ‘शी हॅज रन द शॉप’ असे दुरुस्त करावे. वर्तमानकाळात एकवचनी तृतीय पुरुषी कर्त्यासोबत ‘रन्स’ लिहावे, आणि ‘रनिंग’ लिहिताना इंग्रजी ‘एन’ दोनदा घ्यावा.